नळकोंडाळ्यापासून सभागृहापर्यंत

भिलाई म्हटले की आपल्या मनात प्रथम उभी राहते ती पोलादाची भट्टी. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. भट्टीच्या शेजारी नगर वसले. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, दुतर्फा झाडे, शाळा, मोठे रुग्णालय आणि घरोघर नळ. देशाच्या नाना प्रांतांतून माणसे आली, त्यांत विदर्भातील आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतील मराठी कुटुंबेही आली. या सर्वांना कारखान्याने घर दिले, पाणी दिले, दवाखाना दिला. एक गोष्ट मात्र या देखण्या वसाहतीत कित्येक वर्षे नव्हती. ती म्हणजे नगरसेवक.

वसाहतीचा कारभार कारखान्याच्या नगर-प्रशासनाकडे होता. नळाला पाणी आले नाही, गटार तुंबले, रस्त्यावरचा दिवा गेला, तर गृहिणी कचेरीत तक्रार नोंदवी आणि अधिकारी ती पुरी करी. भिलाईला महानगरपालिका मिळाली ती १९९८ साली. म्हणजे भट्टी पेटल्यापासून जवळजवळ चार दशके येथील स्त्रीने विधानसभेसाठी मत दिले, लोकसभेसाठी मत दिले. परंतु आपल्या दारातल्या गटारासाठी तिला कोणाला मत देता आले नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. कित्येक नगरपालिकांच्या हद्दीतील बायकांनी भिलाईच्या नळाचा हेवा करावा अशीच येथील व्यवस्था होती. पण म्हणूनच एक प्रश्न मनात येतो. नळाला पाणी येत असेल, तर सभासद हवा कशाला? आणि सभासद हवाच असेल, तर ती बाईच असली पाहिजे असे का?

या प्रश्नाचे उत्तर मला भिलाईच्या इतिहासात मिळाले नाही. ते शोधावयास मराठी मुलखात जावे लागले. ते तसे फार दूर नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी दुर्ग जिल्ह्याचा राज्यकारभार नागपुराहूनच चालत असे, आणि छत्तीसगड व विदर्भ ही एकाच प्रांताची अंगे होती.

आरंभ पुण्यापासून करू. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात एक कायदा झाला आणि नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुण्याच्या नगरपालिकेत विषय निघाला, आणि लागलीच प्रश्न आला तो पैशाचा. मुलगे आणि मुली या दोघांनाही सक्ती करावयाची तर पैसा पुरत नाही; तेव्हा आधी मुलगे, मुलींचे पुढे पाहू, असा एक मोठा पक्ष होता. लोकमान्य टिळकांचा कौलही याच बाजूस होता. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुलींनी शिकू नये असे या पक्षातील सगळेच म्हणत होते असे नव्हे. ते फक्त असे म्हणत होते की पैसा थोडा आहे, म्हणून मुलींनी थांबावे. आमच्या सार्वजनिक जीवनात खर्चाच्या सबबीवर थांबावयाची पाळी कोणावर येते, हे पाहू लागले म्हणजे बरेच काही उमगते.

निर्णय करणारे सभागृह पुरुषांचे होते. तेव्हा १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या रस्त्यांवर एक अपूर्व दृश्य दिसले. सेवासदनाच्या रमाबाई रानडे, विठ्ठल रामजी शिंदे यांच्या भगिनी जनाक्का आणि त्यांच्याबरोबर अनेक स्त्रिया मिरवणुकीने निघाल्या. मागणी एकच होती, मुलींनाही सक्तीचे शिक्षण द्या. मिरवणूक म्हटली की आज आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. परंतु ज्या शहरात प्रतिष्ठित घरची स्त्री देवळाला जातानाही सोबत घेऊन जाई, तेथे नगरपालिकेच्या अंदाजपत्रकासाठी बायकांनी रस्त्यावर उतरावे, ही गोष्ट लहान नव्हती. स्थानिक स्वराज्यातील स्त्रीच्या प्रतिनिधित्वाची गोष्ट मी या मिरवणुकीपासून धरतो. त्या दिवशी सभागृहात त्यांची जागा नव्हती, पण त्यांचे म्हणणे मात्र पक्के ठरलेले होते.

जागा पुढे मिळू लागल्या, त्या प्रथम एकेक करून. मुंबई महानगरपालिकेत १९२० च्या दशकात अवंतिकाबाई गोखले सभासद म्हणून बसल्या. चंपारण्यात गांधीजींबरोबर काम केलेल्या, १९१८ साली गांधीजींचे मराठी चरित्र लिहिलेल्या, हिंद महिला समाज चालविणाऱ्या या बाई. त्यांचे आणखी एक शिक्षण येथे महत्त्वाचे आहे: त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. बाळंतिणीची खोली, उकळलेले पाणी, सुईणीचे हात, या गोष्टी त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. मुंबईसारख्या शहरात मूल जगते की मरते हे पुष्कळदा नगरपालिकेच्या कारभारावर अवलंबून असते. आणि हा कारभार आतून पाहू शकेल अशी व्यक्ती सभागृहात असणे म्हणजे काय, ते अशा सभासदावरून कळते. मुंबईच्या महापौरपदावर स्त्री यावयास मात्र १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सुलोचना मोदी महापौर झाल्या.

स्वातंत्र्यानंतर खेडेगावांच्या कारभाराची नवी घडी बसविण्याचा विचार सुरू झाला. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली आपला अहवाल दिला. त्यात स्त्रियांची आठवण ठेवली होती, हे खरे. स्त्रिया व बालके यांच्या कार्यात रस असलेल्या दोन स्त्रियांना पंचायत समितीवर स्वीकृत करून घ्यावे, अशी ती शिफारस होती. हेतू चांगला होता. परंतु स्वीकृत सभासद म्हणजे काय? तिला कोणी निवडून दिलेले नसते, म्हणून तिला जाब विचारणारेही कोणी नसते. तिला आणणारे जे असतात, त्यांच्याकडेच तिची नजर राहते. गावच्या पाटलाच्या घरातील, नाहीतर सभापतींच्या नात्यातील एखादी शांत बाई आणून बसविली की कायद्याची भूक भागे. १९७४ साली देशातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा होत्या. त्या अहवालाने अशा सदस्यत्वातील पोकळपणा स्पष्ट शब्दांत दाखविला आणि गावपातळीवर स्त्रियांच्या स्वतंत्र पंचायती असाव्यात असे सुचविले. ती सूचना कागदावरच राहिली.

याच काळात मुंबईच्या उपनगरात निराळेच काही घडत होते, आणि त्याविषयी जरा सविस्तर बोलले पाहिजे.

गोरेगाव आज मुंबईच्या पोटात आहे, पण १९५७ पर्यंत ते महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होते. तेथे ग्रामपंचायत होती. वैद्यकीय शिक्षण मध्येच सोडून सेवादलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात पडलेल्या मृणाल गोरे या ग्रामपंचायतीच्या सभासद झाल्या. १९५८ साली त्यांचे पती केशव गोरे वारले. १९६१ साली मृणालताई मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. निवडून आलेल्या त्या जागेला राखीव असे काही नव्हते.

आता गोरेगावच्या पाण्याची गोष्ट. पाणी ही गोष्ट स्त्रीपुरुष दोघांनाही लागते, मग तिला स्त्रियांचा प्रश्न का म्हणावयाचे? पाणी पितात सगळेच. पण ते भरते कोण? नळ पहाटे तीनला आला तर तीनला उठते कोण? रांगेत हंडा धरून उभे राहावयाचे म्हणून शाळा चुकविते ती घरातली मुलगी की मुलगा? महानगरपालिकेच्या कागदावर पाणी हे तेव्हा गॅलनांत मोजले जाई. नळावरची बाई ते तासांत मोजते. कोणत्या वेळी, किती वेळ, किती घरांमागे एक नळ, या तीन गोष्टींवर तिचा सारा दिवस ठरतो. मृणालताईंनी सभागृहात नेला तो हा हिशेब. आणि तो त्यांना कोठे मिळाला? नळकोंडाळ्यावर. त्या तेथे गेल्या, बायकांशी बोलल्या, त्यांना घेऊन अधिकाऱ्यांच्या दारात गेल्या, मोर्चे काढले, आणि मग सभागृहात उभ्या राहिल्या. सभागृहात त्यांचे बोलणे अधिकाऱ्यांना झटकून टाकता येत नसे. बाई एकटी बोलत नाही, तिच्यामागे रिकामे हंडे घेतलेल्या बायका आहेत, हे त्यांना दिसत असे. लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. मोठमोठ्या पदव्यांपेक्षा मला ही पदवी अधिक बोलकी वाटते.

त्याच १९६१ साली अहिल्या रांगणेकर याही महानगरपालिकेत आल्या आणि १९७७ पर्यंत तेथे राहिल्या. त्यांचा पक्ष वेगळा, मृणालताईंचा वेगळा. निवडणुकीत हे पक्ष एकमेकांशी झगडत. परंतु १९७२ साली दुष्काळ आणि महागाई या दोहोंनी घरचा संसार मेटाकुटीस आला, तेव्हा या दोघी, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते आणि इतर अनेक जणी एकत्र आल्या. महागाईचा प्रतिकार करण्यासाठी स्त्रियांची संयुक्त समिती निघाली. लाटणे घेऊन मोर्चे निघाले, ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. साखर, तेल, रॉकेल हा काही नगरपालिकेच्या अखत्यारीतला विषय नव्हता. पण या बायका एकमेकींना ओळखत होत्या, कोणत्या चाळीत कोण बोलते, कोणाचे ऐकले जाते, हे ठाऊक होते. आणि ही ओळख वर्षानुवर्षे नगरपालिकेच्या कामातून झालेली होती. मृणालताई पुढे विधानसभेत आणि लोकसभेत गेल्या. गर्भलिंगपरीक्षेला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, तो देशात पहिला. त्या प्रश्नाचा पाठपुरावाही त्यांनी विधानसभेत केला होता. नळापासून निघालेली वाट तेथवर गेली.

मला यातून जे दिसते ते असे. सभागृहात बाई बसली म्हणजे बाईचा प्रश्न बसला, असे होत नाही. आत बसलेली बाई आणि बाहेरच्या बायका यांच्यामध्ये जी वाट असते ती वापरातली आहे की गवताने झाकली आहे, एवढेच पाहावयाचे. रमाबाईंच्या वेळी बाहेर बायका होत्या, आत कोणी नव्हते. स्वीकृत सभासदांच्या वेळी आत बाई होती, बाहेर कोणी नव्हते. गोरेगावात दोन्ही होते.

पण तुम्ही म्हणाल, भिलाईचे काय? भिलाईला लोखंडाचा दगड येतो तो दल्ली राजहऱ्याच्या खाणींतून. हे गाव पूर्वी दुर्ग जिल्ह्यातच होते, आता बालोद जिल्ह्यात आहे. खाणीत दगड फोडणाऱ्या ठेकेदारी मजुरांत स्त्रिया फार. इकडे त्यांना ‘रेजा’ म्हणतात. १९७७ च्या जूनमध्ये तेथे गोळीबार झाला आणि अकरा माणसे मारली गेली; त्यांत अनुसूयाबाई नावाची एक कामगार स्त्री होती. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीने मजुरी वाढविली, पण मजुरी वाढली तसा दारूचा गुत्ताही वाढला. ही गोष्ट प्रथम जाणवली ती बायकांना, कारण वाढलेली मजुरी घरी पोचत नव्हती. तेव्हा दारूविरुद्ध मोहीम उघडली गेली, पिणाऱ्याला दंड बसू लागला, आणि तिच्या आघाडीवर स्त्रिया होत्या. यांतील एकही बाई कोणत्या सभागृहाची सभासद नव्हती. बाहेरची शक्ती अफाट, आत शिरावयास दार मात्र नाही. पुण्याच्या मिरवणुकीनंतर सुमारे साठ वर्षांनीही तीच स्थिती.

दार उघडण्याचे काम महाराष्ट्रात एका अनपेक्षित बाजूने झाले. शेतमालाच्या भावासाठी लढणाऱ्या शेतकरी संघटनेने ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे स्त्रियांचे अधिवेशन भरविले. लाखाहून अधिक स्त्रिया आल्या. शरद जोशींच्या संघटनेने तेथून पुढे स्त्रियांनी पंचायत राज्याच्या निवडणुका लढवाव्यात असा विचार धरला, आणि काही गावांत सबंध पॅनेलच बायकांची उभी राहिली. जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यातले विटनेर हे त्यांपैकी गाजलेले गाव. याच गावात ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत शंभराहून अधिक शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करून दिला. सातबाऱ्यावर बाईचे नाव येणे आणि पंचायतीच्या फळ्यावर बाईचे नाव येणे, या दोन गोष्टी एकाच गावात घडाव्यात हा योगायोग नसावा. ज्या बाईला उद्या घराबाहेर काढले तर पाय ठेवावयास जागा नाही, तिने ग्रामसभेत सासऱ्यासमोर काय बोलावे? महाराष्ट्रातील या सर्वस्त्री पंचायतींवर १९९८ साली एक इंग्रजी अभ्यासग्रंथ निघाला. ‘आणि मग पोळ्या कोण करणार?’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. त्या एका प्रश्नात गावकऱ्यांचा सगळा आक्षेप सामावला आहे, आणि खरे सांगावयाचे तर त्याला आजवर कोणत्याही अधिनियमात उत्तर दिलेले नाही.

पुढची हकीगत आपणांस परिचित आहे. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखल्या. १९९३ साली राज्यघटनेच्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्या अमलात आल्या व एकतृतीयांश जागा साऱ्या देशाला बंधनकारक झाल्या. मध्य प्रदेशाने नव्या कायद्याखाली १९९४ साली निवडणुका घेतल्या. दुर्ग जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी वेगळे झाले आणि २००८ साली त्याने पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. महाराष्ट्राने निम्म्या जागा २०११ साली दिल्या.

संख्या तर आली. आता वाटेचे काय झाले? महाराष्ट्राच्या कायद्यात या दृष्टीने मला दोन तरतुदी फार मोलाच्या वाटतात. दोन्हींत बाहेरच्या बाईला हात दिलेला आहे.

पहिली २००३ सालची. ग्रामसभेच्या आधी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे, आणि तिच्यात ठरलेले ग्रामसभेपुढे आले पाहिजे. ज्यांनी ग्रामसभा पाहिली आहे त्यांना याचे मर्म तत्काळ कळेल. चावडीवर पुरुष सतरंजीवर बसतात, बायका भिंतीला टेकून, नाहीतर दाराबाहेर. पदर डोक्यावर, कारण समोर दीर, भाऊजी, सासरे. तेथे शौचालयाविषयी, न्हाणीघराविषयी, मुलीला शाळेच्या वाटेवर त्रास देणाऱ्या टोळक्याविषयी कोण तोंड उघडील? बायकाच बायका असल्या म्हणजे बोलणे होते. अर्थात कित्येक ठिकाणी ही सभा रजिस्टरातच भरते. सह्या घरोघर फिरून गोळा होतात. ऐन खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराची वेळ ठेवली, तर येणार कोण, हेही ठेवणाऱ्यास ठाऊक असते.

दुसरी तरतूद दारूच्या दुकानाविषयीची. २००८ सालच्या आदेशाप्रमाणे, वॉर्डातील किंवा गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी सही करून मागणी केली तर दुकान राहावे की जावे यावर गुप्त मतदान घ्यावे लागते. सह्या खऱ्या की खोट्या याची पडताळणी सरकारी अधिकारी करतात. मग मतपत्रिकेवर दोन चित्रे येतात: उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू द्या, आडवी म्हणजे बंद करा. निरक्षर बाईलाही चूक होऊ नये अशी ही योजना. ‘आडवी बाटली’ हा शब्दप्रयोग त्यामुळे मराठीत रूढच झाला. दल्ली राजहऱ्याच्या बायकांना जे दंड करून, पहारे देऊन करावे लागले, ते येथे मताने करता येते. पण त्यात एक मेख आहे. झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत; यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत मेलेल्या बायका असतात, लग्न होऊन सासरी गेलेल्या असतात, ऊसतोडीला गेलेल्या असतात. त्या सगळ्या न येता उभ्या बाटलीच्या बाजूस उभ्या राहतात. तेव्हा ज्या गावात पंचायतीतील स्त्री सभासद महिनाभर आधी यादी हातात घेऊन दारोदार जाते, नावे तपासते, बाहेरगावी गेलेल्यांना निरोप धाडते, तेथे बाटली आडवी होते. जेथे भाषणे होतात, तेथे ती बहुधा उभीच राहते.

याच्याही पुढे एक पाऊल कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात पडले. हेरवाड गावाच्या पंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव केला की पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद व्हाव्यात. पंधरवड्याच्या आत, १७ मे रोजी, राज्य शासनाने इतर पंचायतींनीही हे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. या ठरावाचे मला अप्रूप वाटते ते असे की हा विषय कोणत्याच खात्याचा नाही. त्याला अनुदान नाही, अंदाजपत्रक नाही, उद्घाटनाची फीत नाही. महर्षी कर्व्यांच्या काळापासून विधवेच्या प्रश्नावर आपल्याकडे लिहिले-बोलले जात आहे; पण तो प्रश्न गटारे आणि दिवाबत्ती यांच्या शेजारी, गावाच्या कार्यवृत्तात, क्रमांक घालून नोंदला गेला हे नवीन. ठराव झाला म्हणजे प्रथा गेली असे मुळीच नव्हे. मयताच्या घरी अंगणात जमलेल्या वडीलधाऱ्या बायका काय करतात, तेथे खरी परीक्षा. परंतु त्या अंगणात एखादी सून ‘पंचायतीचा ठराव आहे’ असे म्हणू शकते. पूर्वी तिला एवढेही म्हणता येत नव्हते.

आता पुन्हा आमच्या प्रदेशाकडे येतो. भिलाईला लागून असलेल्या दुर्ग शहराच्या महापौरपदी २००० सालापासून दहा वर्षांच्या आसपास सरोज पांडे होत्या. त्या २००८ साली विधानसभेवर आणि २००९ साली लोकसभेवर निवडून गेल्या. म्हणजे नगरपालिकेच्या पायरीवरून स्त्री किती वर चढू शकते याचे उदाहरण येथे घरातलेच आहे. आणि याच दुर्ग विभागात, कबीरधाम जिल्ह्यातील परसवारा ग्रामपंचायतीत, २०२५ च्या मार्चमध्ये निवडून आलेल्या सहा स्त्रियांच्या जागी त्यांच्या पतींनी पदाची शपथ घेतली. गळ्यात हार घालून, रांगेत उभे राहून. स्त्रिया तेथे नव्हत्या. विशेष हे की त्या समारंभातील कोणाला यात काही विपरीत वाटले नाही. वाटले ते मोबाइलवर त्याची चित्रफीत पाहणाऱ्या बाहेरच्या लोकांना. चित्रफीत देशभर फिरली, वृत्तपत्रांनी उचलली, चौकशी झाली आणि पंचायतीच्या सचिवाला निलंबित करण्यात आले.

‘सरपंचपती’ हा शब्द मराठीतही आहेच, आणि हिंदी मुलखातला ‘प्रधानपती’ हा त्याचा सख्खा भाऊ. पूर्वी या गृहस्थाची ओळख पंचायतीच्या शिक्क्यावरून होई. शिक्का कोणाच्या पिशवीत असतो ते पाहावे, म्हणजे सरपंच कोण ते कळे. आता पंचायतीचा पैसा संगणकावरून दिला जातो आणि त्यासाठी सरपंच व ग्रामसेवक यांची डिजिटल सही लागते. ही सही म्हणजे काडेपेटीहूनही लहान असे एक यंत्र आणि त्याचा परवलीचा आकडा. सरपंचबाई घरी भाकरी थापीत आहे आणि तिची सही कचेरीत बसून बिले चुकती करीत आहे, हे आज सहज घडू शकते. शिक्क्याच्या काळी निदान बनावट सहीला घाबरावे लागे. यंत्राची सही नेहमीच खरी असते. विज्ञानाने बाईच्या हाती जे दिले ते घरातल्याने अलगद आपल्या खिशात टाकले, असा हा प्रकार.

परंतु तेच यंत्र दुसऱ्या बाजूनेही चालते, हे मी भिलाईपासून थोड्या अंतरावरील एका खेड्यात पाहिले. तेथील एक पंच बाई माझ्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या गावाचा मोबाइलवर एक समूह आहे. त्यात सूचना येतात, शुभेच्छा येतात, पुढाऱ्यांची छायाचित्रे येतात. बायका त्यात आहेत, पण एकीचाही शब्द त्यात दिसत नाही. मी त्यांना विचारले, “तुमच्या गावच्या बायकांना काही अडचणच नाही की काय?” त्या हसल्या. म्हणाल्या, “तेथे दीर आहेत, सासरे आहेत. तेथे कोण बोलणार?” आणि त्यांनी स्वतःचा मोबाइल पुढे केला. रात्री नऊनंतर, जेवणखाण आटोपल्यावर, बायका त्यांना बोलके निरोप पाठवितात. लिहिता येत नाही, पण बोलता येते. अस्सल छत्तीसगढीत, कोणी कुजबुजत, कोणी रागाने. शाळेच्या मागचा हातपंप बंद आहे. रेशनचे धान्य कमी तोलले. रोजगार हमीची मजुरी आली ती नवऱ्याच्या खात्यात गेली.

पुढच्या बैठकीत या बाईंनी त्यांतील हातपंपाचा निरोप मोबाइलचा आवाज मोठा करून सर्वांना ऐकविला. क्षणभर कोणाला काय बोलावे ते कळेना, कारण आवाज ओळखीचा होता. मग सचिव म्हणाले की तक्रार तोंडी चालत नाही, अर्ज लेखी पाहिजे. त्या घरी गेल्या, आठवीत शिकणाऱ्या मुलीकडून अर्ज लिहून घेतला, संध्याकाळी चार गल्ल्या फिरल्या, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज कचेरीत दिला. खाली सतरा नावे होती. पाच सह्या आणि बारा अंगठे. अर्जाची पोच त्यांनी मागून घेतली आणि तिचे छायाचित्र त्या सतरा जणींना पाठविले. हातपंप तीन आठवड्यांनी दुरुस्त झाला. मजुरीच्या खात्याचा अर्ज मी गेलो तेव्हा लिहून तयार होता. त्यावर अंगठा द्यावयास मात्र अजून फक्त चारच जणी पुढे आल्या होत्या.